लख्ख घासलेल्या पट्ट्या

माझ्या हातचं भांडं काळं राहिलं, असं म्हणणारा माणूस निरवांगीत अजून जन्माला यायचा आहे! माझे पितळी हंडे असे चमकायचे की शेजारची भामाबाई त्यात बघून कुंकू लावायची. हे आधीच सांगून ठेवते, कारण पुढचं सगळं या एका गुणानं केलं.

सत्त्याण्णव साल. गाव ज्यांना रामहरीतात्या म्हणायचं, त्या आमच्या मालकांना लकवा झाला आणि उजवी बाजू गेली. जमिनीवर पाऊल पडेना, पण छातीभर पाण्यात उभं केलं की पाय हलायचा. म्हणून विहिरीशेजारचा सिमेंटचा हौद धुऊन काढला, कडेनं धरायला पाइप बसवला. त्यांचं मागणं एकच होतं. डाळिंबाला फुलं येतील तेव्हा बागेपर्यंत आपल्या पायांनी जायचं. ती बाग म्हणजे एके काळी खारवलेलं रान, गवतसुद्धा उगवत नव्हतं. चर खणून, ताग गाडून, पंधरा वर्षं खपून त्यांनी ते गोड केलं होतं.

हौदात शेवाळ धरायचं. ब्लीचिंग पावडर टाकली की त्यांच्या अंगाला फोड यायचे. आमचा गोकुळ तेव्हा ऑस्ट्रेलियात पोहण्याच्या तलावांचीच कामं करायचा. दिवाळीला येताना त्यानं एक यंत्र आणलं. पाण्यात थोडं मीठ टाकायचं, पाणी यंत्रातून फिरवायचं, आतल्या पट्ट्या त्या मिठातूनच शेवाळ मारायचं औषध तयार करतात. पाणी आसवांपेक्षाही कमी खारट लागेल, म्हणाला.

मालक म्हणाले, "जल्म गेला मीठ काढन्यात, आन् ल्योक आला मीठ घिऊन." पण उतरले.

जाताना गोकुळनं मला दोन गोष्टी बजावल्या. तांबडा दिवा लागला तर मीठ कमी झालं समजायचं. आणि पट्ट्यांवर पांढरं साचलं तर घासायचं नाही, पातळ ॲसिडमध्ये नुसतं बुडवून ठेवायचं. मी मान डोलावली. मनात म्हटलं, कालचं पोर मला भांडी शिकवतंय!

संक्रांतीपर्यंत मालक पाइप न धरता अकरा पावलं टाकायला लागले. काठावर बसून मी मोजायची.

त्याच आनंदात मी पट्ट्या बाहेर काढल्या. पांढरं होतंच, ते चिंचेच्या कोळानं झटक्यात गेलं. पण खाली सगळं काळं, तव्याच्या बुडासारखं! विटेची भुकटी घेतली, तारेची घासणी घेतली आणि दोन तास मांडी मोडली नाही. पट्ट्या चांदीसारख्या निघाल्या. भामाबाईला मुद्दाम बोलावून दाखवल्या.

दुसऱ्या दिवशी तांबडा दिवा लागला. एक पोतं मीठ टाकलं. दिवा तसाच. आणखी एक टाकलं. दिवा माझ्याकडे बघतोय आणि मी दिव्याकडे. गावातल्या दुकानातलं मीठ संपलं, तेव्हा इंदापूरहून पोती मागवली.

नवव्या पोत्याला भिगवणचा मासळीवाला महिपती मोटारसायकलवर दारात आला. म्हणाला, "मावशी, मासळी खारवायचं काम काढलंया म्हनं. चिलापी देतो की, रोज धा पाट्या."

आम्ही माळकरी माणसं. त्याला चहा पाजून वाटेला लावला, तर भामाबाईनं गावभर केलं की तात्यांच्या हौदात मासे सोडलेत. पोरं गळ घेऊन हजर! पाणी एव्हाना हिरवंगार झालं होतं, त्यामुळे मासे नाहीत हे दाखवताही येईना.

या सगळ्यात मालकांना पाण्यात उतरवलं, तर पाय तळाला टेकेनात. बुचासारखे वर यायला लागले. म्हणाले, "अगं, पाऊल धरना. मी चालू कशावर?"

इंदापूरला जाऊन गोकुळला फोन लावला. पट्ट्या कशानं घासल्या ते त्यानं विचारून घेतलं. मग म्हणाला, "आये, त्ये काळंच औषिध करत हुतं. पट्ट्या मेल्या तरी त्योच दिवा लागतो." नव्या पट्ट्या घेऊन उन्हाळ्यात येतो म्हणाला. तोवर हौद रिकामा करून साधं पाणी भर, रोज बदलत जा.

पण रिकामा करायचा कुठं? हौदाचं पाणी पाटानं थेट बागेत उतरायचं. टँकरवाल्याला विचारलं, तर तो म्हणाला, ओतू कुठं, खाली नदी आणि वर कालवा. शेवटी मीच म्हटलं, सोडू या बागेत, झाडं काय पुन्हा लावता येतील.

"त्ये पानी बागंत जायचं न्हाय," मालक म्हणाले.

"मग तुमी चालनार कवा?"

"माझं ऱ्हाऊ दे. बाग उभी हाय न्हवं."

फाल्गुनात फुलं आली. मालकांनी ती बाजेवरूनच, लांबून बघितली. मग त्या पट्ट्या मागून घेतल्या, एकीत आपलं तोंड बघितलं आणि अर्ध्या ओठानं हसले. "भांडं मातर काळं ऱ्हाऊ दिलं न्हाईस," म्हणाले. त्यावर पुढे कधी एक अक्षर बोलले नाहीत. मी वाट बघत होते, बोलतील म्हणून.

वैशाखात ते गेले. बागेच्या बांधापर्यंत त्यांना चौघांनी नेलं. गोकुळ नव्या पट्ट्या घेऊन पोचला तो दहाव्याला.

जुन्या पट्ट्या मी हंड्यांशेजारी फळीवर ठेवल्यात. चुलीच्या धुरानं त्यांच्यावर पुन्हा काळं चढलंय. भामाबाई म्हणते, घासून टाक की. मी हात लावत नाही.

न जाणो, तेच औषध असायचं.