पलंगाचा सांधा

सुताराच्या अन्ननलिकेतली गाठ काढली, तपासणीत ती साधी ठरली. घरी सोडताना डॉक्टरीणबाईंनी बजावलं : काही दिवस पातळ खायचं, जेवल्यावर लगेच आडवं व्हायचं नाही आणि पलंगाची उशाकडची बाजू सहा इंच उंच करायची. पहिल्या दोन गोष्टी त्याने बायकोवर सोपवल्या. तिसरी त्याच्या हातातली होती!

कापताना माप थोडं राखून धरायचं, ही त्याची चाळीस वर्षांची सवय. ठोकळे नऊ इंचांचे झाले आणि इतके देखणे झाले, की कमी करायला हात धजेना. सकाळी दोघंही पायथ्याशी गोळा झालेली.

"अहो, गाठ तुमची, मी का घसरायचं? कापा ते ठोकळे."

"तयार काम मी बिघडवत नसतो."

मग त्याने पायथ्याला फळी ठोकली. फळीवर आपटून बायकोच्या नडग्या सुजल्या आणि ती उशी घेऊन जमिनीवर गेली. हे मात्र सुताराला लागलं. त्याने करवत घेतली आणि पलंग मधोमध उभा चिरला. मधल्या बाजूंना टेकू दिले. आपला भाग उंच, तिचा सपाट!

लग्नाआधी त्याने स्वतः केलेला पलंग होता तो. बायकोने अबोला धरला. सूपची वाटी तेवढी वेळेवर समोर आदळायची.

"जोडून देईन गं. सांधा दिसला तर सुतारकी सोडीन!"

दोन महिन्यांनी दुर्बिणीची तपासणी झाली. बायको अबोल्यासकट सोबत होती.

"जखम कुठे होती, तेच सापडत नाही," डॉक्टरीणबाई म्हणाल्या. "आता सगळं खा, पलंगही सरळ करा. सहा महिन्यांनी पुन्हा दाखवा."

"सांधा दिसू न देणं किती कठीण, ते आम्हाला विचारा. हात आहे बाई तुमचा!" सुताराची छाती फुगली, जणू टाके त्यानेच घातले होते.

मग चार दिवस खपून त्याने पलंग जोडला, घासला, पॉलिश केला आणि बायकोला बोलावलं. "शोध."

तिने तळवा फिरवला. मध्येच थांबली. बोट टेकवलं. सुताराने चष्मा लावला. केसाएवढा, पण होता. त्याचं तोंड एवढंसं झालं आणि त्याने पुन्हा पॉलिश पेपर उचलला.

"हात लावाल तर याद राखा," बायको दोन महिन्यांत पहिल्यांदा बोलली. "माझा माणूस एवढ्यातून धडधाकट उठला. त्याची घरात काही खूण नको? येईल त्याला दाखवणार आहे मी."

दुसऱ्याच दिवशी शेजारीण आली आणि बायकोने चादर वर केली. शेजारणीला काही दिसेना. बाहेर बसलेला सुतार थोडा वेळ चुळबुळला, मग आत येऊन म्हणाला, "अहो, इकडे, उजेडाकडून बघा. हा काय, चांगला ठसठशीत दिसतोय की!"