एका दिवसाची मालकीण

"आये, तुला फकस्त एक दिस तितं बसायचंय," कोंडाजी म्हणाला.

"बसायला मी काय देव्हाऱ्यातला देव हाय?" झुंबरबाईने तव्यावरची भाकरी उलटली. "आन बसून करू काय?"

"चूल पेटव. कौलातनं धूर निघाला पायजे. घर नांदतं दिसलं पायजे."

कोंडाजी लोणावळ्यात घरांची दलाली करीत असे. म्हणजे मुंबईहून गाडी आली की स्टेशनाबाहेर छत्री घेऊन उभा राही आणि हवा बदलायला आलेल्या माणसाला हवेबरोबर बंगलाही घ्या म्हणे. वळवणातली भातशेती धाकट्या भावावर टाकून त्याने हा उद्योग धरला होता. कमरेला किल्ल्यांचा हा जुडगा. चालला की बैल आल्यासारखा वाजे. वाजण्यापलीकडे त्या किल्ल्यांनी अजून काही केले नव्हते, ही गोष्ट वेगळी.

त्यातली सगळ्यात मोठी किल्ली तुंगार्लीच्या वाटेवरच्या घराची. चार खोल्या, पुढे ओसरी, मागे विहीर, स्वयंपाकघराला पूर्वेची खिडकी. घरात खोट काढायला जागा नव्हती. पण मालक पुण्याला राहायला गेलेला आणि घर दोन वर्षे बंद. गिऱ्हाईक यायचे, कुलूप उघडताना त्याचे तोंड उतरायचे. एका बाईने उंबऱ्यातच विचारले, "इथे कोणी राहत का नाही हो?" आणि उत्तर न ऐकताच टांग्यात जाऊन बसली. अशी तीन गिऱ्हाइके गेली. मालकाचे पत्र आले, दसऱ्यापर्यंत घर विकले नाही तर किल्ली खंडाळ्याच्या दत्तोबा दलालाला द्यायची. दत्तोबाने तर वळवणात येऊन सांगूनही टाकले होते की कोंडाजीसाठी पुढच्या आखाडात एक इरले शिवून ठेवा, भात लावायला येतोय.

म्हणून ही युक्ती. युक्ती वाईट नव्हती. पण आईला घेऊन युक्ती करायची तर आई कशी आहे हे आधी आठवायला हवे होते.

झुंबरबाई आली ती बैलगाडी भरून. चूल पेटवायची तर तिची भांडी पाहिजेत. भांडी आली तर जाते पाहिजे, दुसऱ्याच्या जात्याचे पीठ तिला जाड लागते. तुळशीशिवाय ती सकाळी पाणी पीत नाही, म्हणून कुंडी आली. सगळ्यात शेवटी गाडीच्या मागे बांधलेली म्हैस.

"म्हस कशाला, आये?"

"मी दिसभर हितं. तिची धार कोन काढंल, तुजा दत्तोबा?"

दोन तासांत तिने सारे घर सारवून काढले. वाळत घातलेले लुगडे मागच्या दोरीवर फडफडू लागले. घराच्या अंगात जीव आला. कोंडाजीही स्वतःवर खूश होता, कारण चार दिवस आधी त्याने घराला आतून बाहेरून चुना मारला होता. एक वीतभर भिंत सोडली नव्हती. झुंबरबाई स्वयंपाकघरात गेली, चुलीकडे बघून थबकली आणि म्हणाली, "कोंड्या, ह्ये रं काय—"

"आये, आज गप ऱ्हायचं. लोक आल्यावर एक शबुद बोलायचा न्हाई. मी सांगीन, मालकानं राखायला बाई ठेवलीया."

झुंबरबाईने ओठ मिटले. बाईला गप्प बसवणाऱ्या पुरुषाला पुढे काय काय भोगावे लागते, हे तिला ठाऊक होते.

दहाच्या गाडीने नेरूरकर मास्तर आले. गिरगावात चित्रकला शिकवून नुकतेच निवृत्त झालेले, सडपातळ, शांत गृहस्थ. त्यांना दमा होता. डॉक्टरांनी बजावले होते की चाळीतली ती खोली सोडा, नाहीतर पुढचा हिवाळा कठीण आहे. बरोबर त्यांची बायको शालूबाई, ठेंगणी, हसऱ्या डोळ्यांची. ती बोलायची कमी आणि बघायची फार.

"वा!" मास्तर फाटकातच थांबले. धूर, तुळस, म्हैस. "काय प्रसन्न घर आहे! मावशी, हे घर तुमचं का?"

कोंडाजीने तोंड उघडले. पण नव्या सारवणावर उभ्या असलेल्या बाईला कोणी असे विचारावे?

"मंग काय शेजारनीचं?" झुंबरबाई म्हणाली.

कोंडाजीचे तोंड उघडेच राहिले. तो घाईने ओसरीवर चढला.

"अरं कोंड्—दलाल! वाहाणा भायेर काढ. सकाळधरनं सारवतीया मी."

दलालाने वहाणा काढल्या. मास्तरांना चढण चढून खोकला आला होता, तो थांबेना. झुंबरबाईने त्यांना खांबाला टेकवून बसवले, आत जाऊन गवती चहा, आले, गूळ उकळून आणला आणि वाटी हातात दिली. "फुकून प्या. घाई कराल तर टाळू भाजंल." शालूबाई तिच्या मागोमाग स्वयंपाकघरात गेली होती. ती खिडकीशी उभी राहिली, चुलीकडे पाहिले, मग झुंबरबाईकडे पाहिले, आणि पदर तोंडाला लावून बाहेर आली.

मास्तरांचा खोकला बसला. त्यांनी मोठा श्वास घेतला, नीट, सबंध. असा श्वास त्यांना कितीतरी दिवसांत आला नसावा. कोंडाजीला वाटले, विकले घर!

"पण मावशी," मास्तर म्हणाले, "इतकं जीव लावलेलं घर विकता का?"

याचे उत्तर तिला कोणी पढवले नव्हते. तेवढ्यात आतून ओल्या लाकडाचा धूर आला आणि तिच्या डोळ्यांना पाणी लागले. ते पुसत ती म्हणाली, "मी कशाला इकू? पोरगं इकतंय."

मास्तर वाटी ठेवून उभे राहिले. "नाही. हे मला जमायचं नाही. एका म्हातारीला तिच्या चुलीपासून उठवून मी तिथे हवा खात बसू? चला, शालू."

"अवो मास्तर, तिला काय दुक न्हाई!" कोंडाजी आडवा आला आणि सुचेल ते नाव ठोकून दिले. "तिच्या पोरानं, नथूनं, वळवणात झकास घर बांदलंय. नथू रेल्वेत हाय. व्हय का न्हाई, मावशी?"

स्वतःच्या मुलाने मावशी म्हटलेले ऐकून झुंबरबाईने त्याच्याकडे असे पाहिले, की म्हैससुद्धा मागे सरली असती. पण मुलाच्या कपाळावरचा घाम तिला दिसला. "व्हय," ती म्हणाली. "लय झकास."

"मग दाखवा," शालूबाई पहिल्यांदाच बोलली. "मावशीची सोय बघितली म्हणजे यांच्या मनाला बरं वाटेल. काय हो?"

मास्तरांनी मान डोलावली. वळवणात कोंडाजीला एकच घर असे माहीत होते, जिथे कोणी आधी न विचारता आत घेईल. ते म्हणजे त्याचे स्वतःचे. टांगा तिकडे निघाला. दोन्ही बायका मागे बसल्या. कोंडाजी पुढे टांगेवाल्याजवळ बसून देवाचे नाव घेत होता.

घर कसे होते म्हणाल, तर दार बुटके, आत अंधार आणि सगळीकडे धूर. कोंडाजीची बायको मुक्ताबाई डोळे चोळत दारात आली. सासू, नवरा आणि मुंबईची दोन माणसे एका टांग्यातून उतरताना पाहून तिने पदर पुढे ओढला.

"नथू आहे का घरी?" मास्तरांनी विचारले.

"कोन नथू?"

"नवऱ्याचं नाव ऐकून लाजली," कोंडाजी घाईने म्हणाला आणि मागून तिला डोळे मोठे करून दाखवू लागला. मुक्ताबाईला वाटले, नवऱ्याच्या डोळ्यातही धूर गेला.

मास्तर वाकून आत डोकावले आणि खोकत बाहेर आले. "याला झकास घर म्हणतात? खिडकी कुठे आहे? म्हातारीला इथे कोंडणारा हा नथू आहे तरी कोण?"

"कोन नथू म्हंते मी!" मुक्ताबाई रडकुंडीला आली.

"मग तुमच्या घरधन्याचं नाव काय?" मास्तरांनी विचारले.

मुक्ताबाईने पदर दातात धरला. कोंडाजीने सुटकेचा श्वास टाकला. "मास्तर, आमच्यातल्या बाया नवऱ्याचं नाव घेत न्हाईत. मेली तरी घेयाची न्हाई."

"सरळ नका घेऊ हो," शालूबाई गोड आवाजात म्हणाली. "उखाण्यात घ्या. उखाण्याला कुठे दोष आहे?"

आता पाहुणीने उखाण्याचा आग्रह केला आणि सासू समोर उभी असताना सुनेने तो मोडला, असे मावळात तरी होत नाही. मुक्ताबाईने सासूकडे पाहिले. सासूने आभाळाकडे पाहिले. कोंडाजी दोन्ही हात हलवीत होता. मुक्ताबाईला वाटले, लवकर घे म्हणतोय. सात वर्षे धूर खाऊन मनात साठलेले तिच्या ओठावर आले,

"आंबेमोहर भाताचा वास घरभर ऱ्हाई,
कोंडाजीरावांच्या घराला खिडकीच न्हाई!"

टांग्याचा घोडा फुरफुरला. कोंडाजी मटकन जोत्यावर बसला, कमरेचा जुडगा सोडला आणि समोर ठेवला.

"चुकलं, मास्तर. ती माजी आय. ही बायको. नथू कुनीच न्हाई. घर पुन्याच्या मालकाचं, दोन वर्सं बंद हाय. ओस दिसतंय म्हनून कुनी घेईना, म्हनून आयला आनून बसवली. आता जावा तुमी. जाताना ही किल्ली खंडाळ्याला दत्तोबाला देऊन जावा."

मास्तर काही बोलणार, तोच शालूबाई खळखळून हसली. "मला पहिल्यापासून माहीत होतं."

"कसं?" तिघांनी एकदम विचारले.

"चुलीवर काढा उकळतोय आणि चुलीमागची भिंत पांढरीशुभ्र! अशी चूल जन्मात पाहिली नाही. काजळीचा डागही नाही, म्हणजे आजच पेटवलेली."

"मी त्येच सांगत व्हते मुडद्याला!" झुंबरबाई उसळली. "चुलीमागं चुना मारतंय का कुनी? तर म्हंतो, आये, गप ऱ्हा!"

"मग तू मला इथवर कशाला आणलंस?" मास्तरांनी बायकोला विचारले.

"मावशींचं खरं घर बघायला. तुम्ही तिथे बसून सबंध श्वास घेतलात, तेव्हाच मी ते घर घेतलं होतं. पण आपण राहणार दिवाळीपासून उन्हाळ्यापर्यंत, इथला पाऊस यांच्या दम्याला सोसायचा नाही. एरवी ते पुन्हा ओसच पडायचं. मावशी, मागच्या दोन खोल्या तुमच्या. बारा महिने चूल पेटती ठेवाल?"

"मी कुनाची राखनदारीण व्हनार न्हाई," झुंबरबाईने पदर खोचला.

कोंडाजीने डोळे मिटले.

"ऱ्हायची तर घरची म्हनून ऱ्हाईन. म्हस संगं. माज्या जात्याला कुनी हात लावायचा न्हाई. आन मास्तरांनी सकाळी काढा न कुरकुरता घ्यायचा."

"कबूल," मास्तर म्हणाले.

दसऱ्याच्या आधी खरेदीखत झाले. पहिल्या दलालीतून कोंडाजीने वळवणातल्या घराला खिडकी पाडली. बायकोचा उखाणा गावभर झाला होता, दुसरा इलाजच नव्हता.

कार्तिकात तो तुंगार्लीला आला. फाटकातच हसत होता. खंडाळ्यातल्या एका बंद घराची किल्ली त्याला मिळाली होती, तीही दत्तोबाच्या हातून सुटलेली.

"वाहाणा," झुंबरबाई आतून ओरडली.

त्याने वहाणा काढल्या. "आये, उद्या एकच दिस तितं येऊन—"

"मला येळ न्हाई. माजं घर हाय. मुक्तीला ने." ती स्वयंपाकघरात गेली, काहीतरी खरवडल्याचा आवाज आला, आणि तिने त्याच्या हातावर कागदाची पुडी ठेवली. कोंडाजीने ती उघडून पाहिली. आत मूठभर काजळी होती.

"चुलीमागच्या भिंतीला आदी ही फास," झुंबरबाई म्हणाली. "आन ह्या खेपंला चुना मारलास, तर उरलेली मी येऊन तुज्या तोंडाला फासीन."