निंबानानांचा सरळ हात

आमच्या पिंप्राळ्याच्या कॉलनीत सकाळी दूध आणायला बाहेर पडलात, तर दोन्ही कोपरांना जुनं वर्तमानपत्र गुंडाळून वरून सुतळी बांधलेले एक गृहस्थ समोरून येताना दिसतील. त्यांच्या हातातली दुधाची किटली अंगापासून हातभर लांब असेल, कारण त्यांचे हात वाकतच नाहीत. घाबरू नका, हाड वगैरे मोडलेलं नाही. ते आमचे निंबानाना आहेत, आणि ते गोल्फ खेळून येताहेत.

हो, गोल्फच. जळगावात गोल्फचं मैदान कुठे आहे, असं मला विचारू नका. मीही त्यांना विचारलं होतं आणि पस्तावलो होतो. नानांनी मला हाताला धरून कॉलनीच्या ओपन स्पेसमध्ये नेलं, बाभळीखाली उभं केलं आणि म्हणाले, "मास्तर, हे काय शे मंग?" तिथे दोन बाकडी होती, एक मोडका झोका होता आणि कोणाची तरी म्हैस होती.

मी या कॉलनीचा सेक्रेटरी. मीटिंगला उशिरा पोचलो, तोवर मला निवडून सगळे चहा प्यायला बसले होते. शाळेत गणित शिकवून रिटायर झालो, म्हणून सगळे मास्तर म्हणतात आणि जे काम कोणालाच नको ते माझ्या गळ्यात मारतात. निंबानाना हे त्यातलं सगळ्यात मोठं काम.

नाना मूळचे धुळ्याकडचे. सगळी नोकरी एका छावणीतल्या गोल्फच्या मैदानावर माळी म्हणून झाली. गवत कापायचं, पाणी मारायचं, साहेबांचे झुडपात गेलेले चेंडू शोधून द्यायचे. काठीला मात्र हात लावायचा नाही. रिटायर होताना एका साहेबानं त्यांना एक जुनी लोखंडी काठी आणि डझनभर चेंडू दिले, ते घेऊन नाना जळगावला आले. त्यांच्या बायकोचं, म्हणजे मथुराअक्कांचं माहेर इकडचं, म्हणून घर इथे बांधलं. "साहेब लोकांचा खेळ तुम्हाला कशाला हवा?" असं कोणी म्हटलं की नाना भडकतात. "साहेबांचा? अन् गवत कोन कापे? साहेब कापे का?"

त्या मैदानावर एक शिकवणारा होता. तो दिवसभर साहेबांवर एकाच गोष्टीसाठी ओरडायचा, हात सरळ ठेवा. नानांनी गवत कापता कापता तेवढीच विद्या उचलली. काठी मागे नेताना डावा हात वाकता कामा नये, चेंडूला लागल्यावर दोन्ही हात पुढे लांब गेले पाहिजेत, आणि दोन खांदे अन् मूठ यांचा त्रिकोण शेवटपर्यंत मोडता कामा नये. कोपर वाकलं की सगळं गेलं. धुळ्याकडे ळ चा य होतो, म्हणून नाना म्हणतात, "हात सरय, बठ्ठं सरय." बठ्ठं म्हणजे सगळं. दिवसातून शंभरदा म्हणतात.

मी एकदा सहज म्हणालो, "नाना, तो समद्विभुज त्रिकोण झाला." ही माझ्या आयुष्यातली मोठी चूक. पुढचे आठ दिवस ते भाजीवालीपासून पोस्टमनपर्यंत ज्याला त्याला "समद्विभुज ठेव, भो" म्हणत सुटले. पाण्याची बादली उचलणाऱ्या बाईला थांबवून तिचे हात सरळ करायचे. कॉलनीतल्या महाजनभाऊंच्या मुलीच्या लग्नात त्यांनी अक्षतासुद्धा हात सरळ ठेवून, पुरता झोका घेऊन टाकल्या. त्या नवरा-नवरीला लागल्या नाहीत. भटजींचं पुढचं मंगलाष्टक एका डोळ्यानं झालं.

"सरय म्हंजे ताठ नही, मास्तर," हे त्यांचं दुसरं वाक्य. "ताठ हात भांडस. सरय हात ऐकस." मला तेव्हा हे उगाच मोठं बोलणं वाटायचं.

एरवी आम्ही हसून सोडून दिलं असतं, पण मागच्या हिवाळ्यात भरताची भानगड झाली.

आमच्याकडे थंडी पडली की कॉलनीचं भरीत होतं. ओपन स्पेसमध्ये पऱ्हाट्या, म्हणजे कपाशीची वाळकी झाडं, पेटवायच्या, त्यावर वांगी भाजायची, सोलून लाकडी भांड्यात मिरची-लसणाबरोबर मुसळीनं ठेचायची, आणि कळण्याच्या, म्हणजे ज्वारी-उडदाच्या पिठाच्या, पुऱ्यांबरोबर खायची. हे ठेचणं कोणाचंही काम नाही. आमच्याकडे ते मथुराअक्कांचं होतं. त्या मुसळीला हात लावायच्या तेव्हा बाकीच्या बायका मागे सरायच्या. पण त्याच्या आदल्या दिवाळीत अक्कांना अर्धांगाचा झटका आला. जीव वाचला, पाय बरा झाला, डावा हात मात्र कोपरात आखडला तो आखडलाच. त्यानंतर अक्का चारचौघांत दिसल्या नाहीत. कोणी भेटायला गेलं तर हात पदराखाली. मग लोकांनीही जाणं कमी केलं. मीही केलं, खोटं कशाला बोलू.

तर मागच्या वर्षी ठेचायला अक्का नव्हत्या, म्हणून महाजनभाऊंनी घरून मिक्सर आणला. मिक्सरमधलं भरीत. आमच्या आजोबांच्या कानावर गेलं असतं तर त्यांनी जेवण सोडलं असतं. महाजनभाऊ स्वतः विळी घेऊन पांढरे कांदे चिरत बसले होते, सोललेल्या कांद्यांची परात शेजारी. पलीकडच्या कोपऱ्यात नानांचा खेळ चालूच. नानांचा चेंडू एरवी वीस पावलांवर पडायचा. त्या दिवशी काय झालं कोण जाणे, हात अगदी सरळ गेले आणि चेंडू उडाला तो थेट कांद्यांच्या परातीत. गडबडीत कोणाला दिसला नाही.

महाजनभाऊंनी तो उचलला आणि विळीवर ठेवला. चिरेना. त्यांनी जोर लावला. "कांदा कडक शे रे या वर्षी," असं ते म्हणाले, माझ्यादेखत म्हणाले, आणि दोन्ही हातांनी दाबला. कांदा सटकला, अंगठा विळीवर. तीन टाके पडले. नाना धावत आले, आधी परातीतून चेंडू उचलून पुसला, मग अंगठ्याकडे पाहिलं आणि म्हणाले, "पन सरय गया ना, मास्तर? पाह्यलं ना तुम्ही?"

दुसऱ्या दिवशी मीटिंग. ठराव मंजूर, ओपन स्पेसमध्ये चेंडू मारायचा नाही. कागद घेऊन कोण जाणार? सेक्रेटरी.

नानांनी कागद वाचला, घडी करून खिशात टाकला आणि दुसऱ्या दिवशी सकाळी पुन्हा बाभळीखाली हजर. चेंडू नव्हता. नुसती काठी फिरवत होते. मी म्हटलं, "नाना, ठराव झालाय." ते म्हणाले, "चेंडू बंद शे. काठी कुठे बंद शे? वाचा." मी वाचलं. बरोबर होतं. पुन्हा मीटिंग, पुन्हा ठराव, काठीही बंद. तर हा माणूस तिसऱ्या दिवशी रिकाम्या हातांनी गोल्फ खेळायला लागला. मूठ धरायची, हात मागे, हात पुढे. महाजनभाऊ म्हणाले, आता हात बंद करायचा ठराव मांडा. मी म्हटलं, तुम्हीच मांडा, आणि तुमच्या टाक्यांच्या अंगठ्यानंच सही करा. मी तिथून उठून आलो. आठवड्यात नानांची काठी परत आली, पुढच्या महिन्यात चेंडूही आला. कोणाच्यात नवा ठराव करायचं बळ नव्हतं.

खरं सांगतो, माणूस हट्टी असावा पण त्याला सुमार असावा. मी नानांना सोपा तोडगा दिला होता. ते बाभळीखाली कायम आपल्या घराकडे तोंड करून उभे राहायचे, त्यामुळे चेंडू बाकड्यांकडे जायचा. उलट दिशेला तोंड करून उभे राहिले, तर तोच चेंडू पाण्याच्या टाकीच्या भिंतीवर आपटला असता आणि कोणाचा अंगठा गेला नसता. पहिलीतल्या पोराला कळेल. नाना म्हणाले, "नही." का? "नही म्हंजे नही." धरणगावला त्यांच्या पुतण्याचं शेत आहे, कपाशी निघाल्यावर मोकळंच असतं. तिकडे जा, वाटेल तेवढे हात सरळ करा. "नही. आठेच." म्हणजे इथेच. मग मात्र मी ठरवलं की आता काठीच काढून घ्यायची. सेक्रेटरी झालो म्हणून काय झालं, मलाही राग येतो.

सकाळी सहाला निघालो. समोरून गेलो असतो तर नाना सावध झाले असते, म्हणून टाकीमागच्या बोळातून गेलो आणि त्यांच्या पाठीशी आलो. या बाजूनं मी कधी आलोच नव्हतो. नानांच्या पाठीशी उभं राहिलं की समोर त्यांच्या घराचा ओटा दिसतो.

ओट्यावर प्लॅस्टिकच्या खुर्चीत मथुराअक्का बसल्या होत्या. डाव्या कोपराला वर्तमानपत्र, वरून सुतळी. दोन्ही हातांत लाटणं आडवं धरलेलं.

नानांनी काठी हळूहळू मागे नेली. अक्कांनी लाटणं उचललं. चांगल्या हातानं आखडलेल्या हाताला सोबत घेतलं. अर्ध्यावर तो अडला. नानांनी काठी हवेत तिथेच थांबवली, जराही हलवली नाही. त्या वयात तशी काठी धरून उभं राहणं सोपं नाही, त्यांचे खांदे थरथरताना मला मागून दिसत होते. कॉलनीभर ओरडणारा माणूस, पण आवाज अगदी हळू होता.

"सरय. ताठ नको. भांडू नको त्याच्याशी."

लाटणं बोटभर पुढे सरकलं. मग अक्का म्हणाल्या, "तुमचं कोपर वाकलं."

"नही वाकलं."

"वाकलं. मले दिसते ना इथून. पुन्हा करा."

आणि निंबानानांनी, ज्यांनी दोन ठराव खिशात घातले होते, गुपचूप पुन्हा पहिल्यापासून केलं.

तेवढ्यात अक्कांनी मला पाहिलं. लाटणं खाली, हात पदराखाली. नाना वळले. मला वाटलं आता काठी माझ्याच डोक्यात बसणार. ते जवळ आले आणि म्हणाले, "ठराव आना का आजून एक?"

मी ओट्याकडे बोट दाखवलं, तसे नाना सांगायला लागले.

"डॉक्टरनी सांगितलं, हात रोज सरय करा. कोपराला कागद बांधून बसवा. ती बांधू देईना. म्हने, लोक हसतीन, मी एकटी वेडीवाकडी दिसू का? मंग मी बांधला. दोन्ही हातांना. तसाच दुधाले गेलो. बठ्ठी कॉलनी माले हसली. घरी येऊन तिले सांगितलं, हसनाऱ्यांनी हसून घेतलं, आता तू बांध." ते घराकडे बघून म्हणाले, "तरी म्हने, आधी तुमी करून दाखवा. रोज दाखवा. तिकडे तोंड करू म्हनता तुम्ही. तिकडे तोंड केलं तर तिले माझे हात कसे दिसतीन, मास्तर?"

मला स्वतःची फार लाज वाटली. मी आयुष्यभर पोरांना सांगत आलो, उत्तर चुकलं म्हणू नका, आधी गणित नीट वाचा. आणि स्वतः वर्षभर या माणसाचं गणित उलट्या बाजूनं तपासत बसलो होतो. मी घरी गेलो, ठरावाची वही काढली आणि दोन्ही ठरावांवर आडवी रेघ मारून खाली सही केली. कोणाला विचारलं नाही. महाजनभाऊंनी जाब विचारला तेव्हा सांगितलं की मी केलं, माझ्या अधिकारात केलं, आणि ज्याची हरकत असेल त्यानं उद्यापासून सेक्रेटरी व्हावं. अजून कोणी आलेलं नाही.

या हिवाळ्यात पुन्हा भरीत झालं. पऱ्हाट्या पेटल्या, वांगी भाजून झाली. महाजनभाऊ विळीवर बसले, एकेक कांदा आधी नखानं टोचून बघत होते. मिक्सर बाकड्यावर तयार होता. तेवढ्यात नानांच्या घराचं फाटक वाजलं आणि मथुराअक्का आल्या. कोपराला कागद तसाच. कोणी हसलं नाही, आणि कोणी हसलं असतं तर मी तिथेच बसलो होतो.

अक्का म्हणाल्या, "तो मिक्सर उचला आधी."

त्यांनी सुतळी सोडली, कागद जाळात टाकला आणि दोन्ही हातांनी मुसळी धरली. पहिला ठोका वाकडा पडला, दुसराही. बायका नेहमीसारख्या मागे सरून उभ्या होत्या. नाना पलीकडे उभे होते, त्यांचे ओठ हलत होते पण आवाज येत नव्हता. तिसऱ्या वेळी अक्कांनी मुसळी वर नेली, डावा हात अडला, त्या थांबल्या, त्याच्याशी भांडल्या नाहीत, आणि तो हळूहळू उघडत गेला. पूर्ण सरळ नव्हता. गणिताचा मास्तर आहे, खोटं सांगणार नाही, एकशे साठ अंशाच्या आसपास असेल. ठोका बरोबर मधोमध बसला आणि लसणाचा वास सगळ्या ओपन स्पेसमध्ये पसरला.

मी नानांकडे पाहिलं. त्यांनी दोन्ही हातांनी उपरणं तोंडाला लावलं होतं. दोन्ही कोपरं पार दुमडलेली. इतक्या दिवसांत मी त्यांना असं कधी पाहिलं नव्हतं. मी जवळ जाऊन हळूच म्हणालो, "नाना, कोपर वाकलं."

उपरण्यातून आवाज आला, "आज चालस."