नखरा की तहान

आमच्या शेजारचे नारायणआबा पिकाला विचारल्याशिवाय पाणी देत नाहीत. रोज सकाळी वांग्यापुढं उकिडवे बसतात आणि विचारतात, "खरंच तहान लागली, का नखरा करायलास?" दुपारच्या उन्हात पानांनी मान टाकली तर तो नखरा, सकाळीही मान पडलेलीच असली तर तहान. एवढंच त्यांचं शास्त्र.

मी घरातला पहिला पदवीधर, बीएस्सी ॲग्री. पालमजवळच्या आमच्या गावात त्यांची-आमची विहीर सामाईक. एक दिवस त्यांची पाळी, एक दिवस माझी. दिवाळीनंतर मोटार जेमतेम तासभर चालते. पाणी तेवढंच, जमीनही तीच. तरी बांधावर थांबलेल्या माणसाचं तोंड आबांच्या शेताकडं! माझा जळफळाट होतो, खोटं कशाला बोलू?

"ज्वारीला पोटरीत, कणीस भायेर पडायच्या आधी, एक पानी दिलं की ती उपकार इसरत न्हाई," आबा सांगतात. "हरभऱ्याला फुलाआधी एक, घाटे भरताना एक. भाजीपाला मात्र जावई हाय, सारखं इचारावं लागतंय."

हे सगळं मी परीक्षेत लिहून मार्क मिळवले होते. पण यंदा आबांच्या पुढं जायचं म्हणून चार पाळ्यांचं पाणी ऐन फुलात हरभऱ्यावरच ओतलं. हरभरा गुडघ्याच्या वर गेला आणि फुलं गळाली. आबा म्हणाले, "सायेब, जनावरायला चारा लय झकास झाला."

आता अब्रू उरली होती मिरचीच्या चार सऱ्यांवर. माझं पाणी तिला पुरत नव्हतं, तरी ती लगडली. "बघ आई, शिक्षण!" मी छाती काढून म्हणालो.

मग एका सकाळी आबांची वांगी पिवळी पडलेली दिसली. खरं सांगतो, बरं वाटलं. पुढं गेलो तर आबा माझ्या मिरचीत फावडं घेऊन पाणी वळवायलेले.

"आबा, आज तर तुमची पाळी!"

"तुजी माय गावभर सांगायलीय, लेकाची मिरची बगायला या म्हनून. तिला खोटं पाडतूस का?"

"आन् वांगे?"

"तुजी काकी गेल्यापून एकट्याला वांगे किती लागतेत रे?"

दुसऱ्या दिवशी पाळी माझी होती. मी पहिलं पाणी वांग्यांना सोडलं. आबा ओरडत आले, "पानी वाया घालू नको येड्या, नखरा हाय त्यो!"

मी वांग्यांच्या पडलेल्या मानांकडं बोट दाखवलं. सकाळचे सात वाजले होते.