हिरव्या टोपणांची गाडी

अण्णांना आयुष्यात कुणी काही विचारलं नव्हतं. ऑफिसात त्यांची खुर्ची कुठे ठेवायची हे शिपाई ठरवायचा, घरात पडदे कुठल्या रंगाचे हे बायको ठरवायची, आणि केस किती कापायचे हे न्हावी. त्यामुळे टायरवाल्याने गाडीच्या खिडकीशी वाकून, "साहेब, साधी हवा भरू की नायट्रोजन?" असं विचारलं, तेव्हा त्यांना अगदी भरून आलं. माणूस इतक्या अदबीने विचारतोय म्हटल्यावर 'साधी' कशी म्हणायची?

"नायट्रोजन," अण्णा म्हणाले. (नायट्रोजन म्हणजे काय हे त्यांना तेव्हा माहीत नव्हतं. पुढेही फारसं झालं नाही.)

टायरवाल्याने चारही चाकांच्या हवेच्या तोंडांना नायट्रोजनची खूण म्हणून हिरवी टोपणं बसवली आणि सांगितलं, "शक्यतो यात साधी हवा मिसळू नका." आता अण्णा पडले जुने कारकून. वरून येणाऱ्या आदेशात 'शक्यतो' असलं की ती कामचुकारांची पळवाट, असं त्यांचं पक्कं मत. वाचतानाच ते तो शब्द गाळायचे. इथेही गाळला.

"साध्या हवेत वाईट ते काय?" घरी बायकोने विचारलं.

"सगळ्यांनी नाकातोंडातून सोडलेली असते ती."

"आणि ही?"

"ही कुणी वापरलेली नाही."

बायकोने त्यांच्याकडे एकदा नीट पाहिलं आणि ती कपडे वाळत घालायला गेली.

त्यानंतर गाडी अशी मऊ चालू लागली की खड्डासुद्धा कळेना. अण्णा ऑफिसात ज्याला त्याला धरून सांगू लागले. "दोन महिने झाले, चाक तसूभर बसलं नाही. पंपाला हात लावला नाही मी." ऐकणारे माना डोलवायचे आणि फाइल उघडायचे.

आता गोष्ट सासऱ्यांच्या डोळ्याची. मोतीबिंदू पिकला होता, पण शस्त्रक्रियेचं नाव काढलं की म्हातारा लहान मुलासारखा बिथरायचा. दोनदा दवाखान्याच्या दारातून परत आले होते. एकदा चप्पल चावते म्हणून, आणि एकदा डॉक्टर फार पोरगेलासा दिसतो म्हणून. (तसं त्यांना दिसत काहीच नव्हतं.) या खेपेला त्यांनी अट घातली, "जावईबापू स्वतःच्या गाडीतून नेणार असतील तर येतो. भाड्याच्या गाडीत पाय ठेवणार नाही." डॉक्टर मंगळवारपासून महिनाभर रजेवर जाणार. तेवढ्यात डोळा हातचा जायचा. म्हणून बायको रविवारी माहेरी गेली, दिवसभर वडिलांची समजूत घातली आणि संध्याकाळी त्यांना घेऊन आली.

सोमवारी सकाळी सासरे मागच्या सीटवर जाऊन बसले, पिशवी मांडीवर घट्ट धरून. अण्णा गाडीभोवती फेरी मारायला गेले आणि तिथेच थबकले. उजवं मागचं चाक पार बसलं होतं.

"पंप आणते," बायको म्हणाली.

"पंपात साधी हवा असते."

"मग स्टेपनी लावा."

"तिच्यातही साधीच. तीन चाकांत एक आणि चौथ्यात दुसरी, म्हणजे गाडी एकीकडे ओढणार."

"बाबांचा डोळा जाईल, अहो."

"टायरवाला दहाला उघडतो."

"आपल्याला नवाला पोहोचायचंय."

मागून सासऱ्यांचा आवाज आला, "नसेल जमत तर राहू दे गं. परत कधीतरी." त्या आवाजात इतका आनंद होता की बायकोचं तोंड उतरलं. ते पाहून अण्णांनाही वाईट वाटलं, आणि वाईट वाटलं की त्यांना उपाय सुचायचा. मागे ऑफिसातल्या एका टेबलाचा पाय तुटला, तेव्हा त्यांनीच उरलेले तीन पाय कापून टेबल सरळ केलं होतं. त्यांनी खिशातलं पेन काढलं आणि बाकीच्या तीन चाकांची हवा थोडी थोडी सोडायला बसले. चारही सारखी झाली की गाडी ओढणार नाही, हळूहळू टायरवाल्यापर्यंत जाईल आणि त्याला उठवता येईल.

फुस्स आवाज झाला. मग दुसरीकडून झाला. थोडी हवा सोडायला जावं आणि जरा जास्तच जावी, मग दुसरीकडे तेवढी सोडावी, असं चाललं.

"जावईबापू, गाडी निघाली का?"

"नाही, बाबा."

"मग मी खाली कुठे चाललोय?"

तोवर बायको पंप घेऊन आली होती. तिने चार चाकांकडे पाहिलं, नवऱ्याकडे पाहिलं आणि पंप त्यांच्या पायाशी ठेवला. "मारा."

"अगं, पण नायट्रोजन—"

"नायट्रोजन पहिल्या आठवड्यातच गेला. त्या चाकात खिळा आहे. दर रविवारी तुम्ही जेवून झोपलात की मीच भरते. काल बाबांकडे होते, म्हणून राहिलं."

"आणि मला बोलली नाहीस?"

"दर रविवारी ठरवायचे, आज सांगायचं. पण तुम्ही इतके खुशीत असायचात."

अण्णा अडखळत म्हणाले, "पण गाडी किती मऊ चालायची."

"पूर्ण भरतच नव्हते ना. पाय दुखायचा माझा."

अण्णांनी पंपावर पाय ठेवला. बायको म्हणाली, "बाबा, कंटाळा आला तर घरात जाऊन बसा." सासरे म्हणाले, "छे छे, मी इथेच बरा आहे. दिसत नाही, पण ऐकू फार छान येतंय."

चारही चाकं उभी राहिली तेव्हा अण्णा आडवे व्हायच्या बेतात होते. तरी वेळेत पोहोचले. दवाखान्याच्या पायरीशी चाकांची खुर्ची घेऊन माणूस उभा होता. त्याने ताठ बसलेल्या सासऱ्यांकडे पाहिलं, गुडघ्यांवर हात टेकून धापा टाकणाऱ्या अण्णांकडे पाहिलं, आणि खुर्ची अण्णांपुढे आणली.

"बसा जावईबापू," सासरे म्हणाले. "मी येतो चालत." आणि त्या गमतीत म्हातारा घाबरायचं विसरून थेट आत गेला.

शस्त्रक्रिया नीट झाली. परतताना डोळ्यावर पट्टी बांधलेले सासरे मागे, बायको पुढे, अशी गाडी टायरवाल्याकडे थांबली. त्याने खिळा काढला, चाक बसवलं आणि अण्णांच्या खिडकीशी वाकला.

"साहेब, साधी भरू की नायट्रोजन?"

अण्णांनी तोंड उघडलं.

"त्यांना नका विचारू," मागून सासरे म्हणाले. "पंप जो मारतो त्याला विचारा."

टायरवाला गाडीला वळसा घालून पलीकडच्या खिडकीशी गेला आणि अदबीने वाकला.

"वापरलेलीच भरा," बायको म्हणाली.