बायकोच्या सायकलची कुरकुर

मी स्वतः सायकल चालवत नाही. पण आमच्या घरात सायकल चालवली जाते, आणि ती कशी चालवली जाते हे मी भेटेल त्याला सांगत सुटतो. आमची ही डोंगरातली सायकल चालवते. दगडधोंडे, झाडांची मुळं, घसरडी माती, जिथून शेळीसुद्धा खाली बघून मागे सरेल तिथून ही उतरते आणि मला विचारते, "केळी आणलीत ना?" आणलेली असतात. दर रविवारी गाडी घेऊन डोंगराच्या पलीकडे जायचं, केळी आणि पाणी सांभाळायचं आणि पहिलं कोण दिसतंय ते बघायचं, हे माझं काम. (पहिली बहुतेक वेळा तीच दिसते. तुम्ही विचारलं नव्हतंत, ठाऊक आहे.)

त्या रविवारी खिंडीची वाट ठरली होती, आणि सगळ्यांच्या पुढे राहून सायकलवाल्यांच्या ग्रुपला पलीकडे न्यायचा मान पहिल्यांदाच हिला मिळणार होता. आजवर पुढे कायम कॅप्टन असत. कॅप्टन म्हणजे निवृत्त पोस्टमास्तर. त्यांनी जहाज सोडा, होडीसुद्धा चालवलेली नाही, पण त्यांचा आवाजच असा आहे की माणूस आपोआप रांगेत उभा राहतो.

आणि नेमकी त्याच आठवड्यात हिची सायकल कुरकुरायला लागली. उजवं पेडल मारलं की कुर्र, डावं मारलं की कर्र. कॅप्टनांचा नियम असा, की पुढच्याची सायकल गप्प पाहिजे. मागे कोण पडलं, कोण ओरडलं, हे पुढच्याला ऐकू यायला हवं. "आवाज गेला नाही तर या खेपेला मीच पुढे राहतो," असं ते म्हणाले, आणि म्हणताना त्यांना फार दुःख झाल्यासारखं वाटलं नाही.

ही घरी आली, हेल्मेट खुंटीला अडकवलं आणि गप्प बसली. बायको गप्प बसली की मला काहीतरी करावंसं वाटतं. आमच्या घरातले बहुतेक अपघात असेच झालेले आहेत.

"मेकॅनिककडे टाक की," मी म्हणालो.

"तो गावाला गेलाय. बहिणीला बाळ झालंय. सोमवारशिवाय येत नाही."

"मग मी करतो."

बोलून तर गेलो. मी पाणीपुरवठा कचेरीत तक्रारी लिहून घेतो. 'नळ गळतो' हे इतकी वर्षं लिहितोय की आपल्याला नळ दुरुस्तही करता येतो असं मला वाटायला लागलंय. हिने माझ्याकडे पाहिलं, मग सायकलकडे पाहिलं आणि सायकलचीच कीव आल्यासारखा चेहरा केला.

आधी तज्ज्ञांचं मत घ्यावं म्हणून मी ग्रुपवर विचारलं. तेव्हा कळलं, की दोषी 'बॉटम ब्रॅकेट' नावाचा भाग आहे. दोन पेडलांच्या मधोमध, सायकलच्या पोटात तो बसलेला असतो. दोन बाजूंना दोन कप, कपात बेअरिंग, आणि त्यात क्रँकचा, म्हणजे पेडल ज्याला लावलेलं असतं त्या हाताचा, दांडा फिरतो. इथपर्यंत सगळ्यांचं एकमत. पुढे मात्र जे सुरू झालं ते आवरता आवरेना. दाताचे डॉक्टर म्हणाले, "बेअरिंग म्हणजे दाढ. ठणकायला लागली की उपटायची." शिंपीदादा म्हणाले, "मापाचा घोळ आहे. हल्ली सगळं तयार मापाचं घेतात, मग कुरकुरणारच." विमा एजंटने आधी विचारलं, की आवाज विकत घेतानाच होता का नंतर सुरू झाला. कॅप्टनांनी बंद बेअरिंगवर भलामोठा निबंध लिहिला. त्यांच्या काळी सुट्या गोळ्या असत, माणूस त्या रॉकेलने धुवायचा, ग्रीसमध्ये घोळवायचा आणि त्याचं चारित्र्य घडायचं, असा त्याचा आशय होता. बॉटम ब्रॅकेट या विषयावर मत नसलेला सायकलवाला मला अजून भेटायचाय.

सगळ्यांचं ऐकून मी ठरवलं, की उघडायचं, पुसायचं, ग्रीस लावायचं आणि बंद करायचं. डॉक्टरांकडून दातेरी पाना आणला, अर्ध्या दिवसाची रजा टाकली आणि बाल्कनीत सायकल उभी केली. सायकल धरायला सासूबाई होत्या. (त्या महिनाभर राहायला आल्या होत्या आणि जावई नेमकं काय करतो याचं त्यांना कुतूहल होतं.)

व्हिडिओ बघत बघत मी क्रँक काढला. निघाला की! मग व्हिडिओतला माणूस म्हणाला, "आता उजव्या बाजूचा कप सोडवताना एक गोष्ट नीट लक्षात ठेवा..." मी व्हिडिओ बंद केला. कप सोडवायचा म्हणजे काय करायचं हे शिकायला मी काही दूधखुळा नाही. बरणीचं झाकण, बाटलीचं बूच, बल्ब, जगात सगळं एकाच दिशेने सुटतं, घड्याळाच्या काट्यांच्या उलट.

पाना अडकवला आणि जोर लावला.

"हललं का हो, जावईबापू?" सासूबाईंनी विचारलं.

"हललं!"

"मग निघत का नाही?"

"जुनं आहे. हट्टी आहे."

"आमच्या ह्यांनी एकदा असाच गीझर उघडला होता."

"मग?"

"मग काय, हिवाळाभर चुलीवर पाणी तापवलं."

मी आणखी जोर लावला. कप केसभर हलायचा आणि थांबायचा. मग मी पान्याला पडद्याचा लोखंडी पाइप जोडला, भिंतीला पाय लावला आणि "सायकलवर रेला" असं सासूबाईंना सांगितलं. त्या रेलल्या. कट्ट असा आवाज झाला. तो सायकलचा की माझ्या कमरेचा, यावर आमचं अजून एकमत नाही. त्यानंतर मात्र कप तसूभर हलेना. शेवटी मी हात टेकले, क्रँक होता तसा बसवला, पाइप पडद्याला परत केला आणि आता हिला काय सांगायचं या विचारात बसलो.

संध्याकाळी ही आली. मी तोंड उघडायच्या आत सायकल खाली घेऊन गेली, इमारतीला दोन फेऱ्या मारल्या आणि परत आली. चेहरा असा फुललेला, की मी घाबरलोच.

"अहो, आवाज गेला!"

"गेला?" मी म्हणालो. मग सावरून म्हणालो, "जाणारच."

"काय केलंत?"

"विशेष काही नाही. उघडलं, पुसलं, ग्रीस लावलं, बसवलं." (सासूबाई उठून स्वयंपाकघरात गेल्या. भल्या बाई आहेत.)

कावळा बसायला आणि फांदी मोडायला एकच गाठ पडली, असं मी त्या क्षणी मनात म्हणायला हवं होतं. पण ग्रुपवर बातमी पोचली होती. अभिनंदन, टाळ्या, "आपल्यात हा हिरा होता आणि आपण त्याच्याकडून केळी वाहून घेतली!" माझ्या अंगावर मूठभर मांस चढलं. दुसऱ्या दिवशी कचेरीत नळाची तक्रार घेऊन आलेल्या माणसालाही मी बॉटम ब्रॅकेट समजावून सांगितलं. आणि खरं सांगू? मला त्याहून मोठा आनंद वेगळाच होता. रविवारी माझी बायको पुढे राहणार होती आणि त्यात माझा हात होता.

रविवारी खिंडीच्या पायथ्याशी सगळे जमले. ही एका दगडावर उभी राहून वाट समजावून सांगत होती. आणि कॅप्टन हळूच माझ्याकडे आले.

"मास्तर," ते म्हणाले. (मला! पोस्टमास्तर!) "आमचीही जरा कुरकुरतेय. बघता का?"

डॉक्टरांचा पाना माझ्याकडेच होता. ऐटीत क्रँक काढला. आजूबाजूला गर्दी जमली. हिने दगडावरूनच मला पाहिलं आणि अंगठा वर करून दाखवला. मी विचार केला, माणूस डोंगरात चाललाय, त्याचं सोडवून कसं चालेल? घट्टच केलं पाहिजे. आणि घट्ट करायचं म्हणजे घड्याळाच्या काट्यांप्रमाणे. फिरवलं. काय सांगू, लोण्यासारखं फिरलं! म्हटलं, आता हात बसला आपला. जरा जोर लागला, पण क्रँकही जागेवर गेला.

ग्रुप निघाला. पुढे ही, सगळ्यांच्या मागे कॅप्टन. पहिल्याच चढाला कॅप्टन पेडलवर उभे राहिले आणि खाड्दिशी काहीतरी झालं. क्रँक लुळा पडून लटलट हलायला लागला, चेनच्या चकतीचे दाते सायकलच्या सांगाड्यावर खरखर घासायला लागले आणि कॅप्टन आडवे झुडपात. मी धावलो. सगळे थांबले. कॅप्टन उठले, कपडे झटकले आणि त्या आवाजात म्हणाले, "राहू द्या आजची खिंड. परत फिरा सगळे."

झुडपात पडले होते कॅप्टन, पण माती झाली होती हिच्या रविवारची, आणि ती मी केली होती.

ही चढावरून खाली आली. "कुणी परत फिरायचं नाही," म्हणाली. "थोडा वेळ द्या मला." आवाज चढवला नाही, पण सगळे रांगेत उभे राहिले, कॅप्टनसुद्धा. तिने पाना घेतला, क्रँक बाजूला केला आणि उजवा कप फिरवायला लागली. घड्याळाच्या काट्यांच्या उलट.

मला राहवेना. "अगं, उलटं फिरवतेयस! सुटेल ते!"

"सुटत नाही," मान वर न करता ती म्हणाली. "या बाजूचे आटे उलटे असतात. इकडे फिरवलं की घट्ट होतं, तिकडे फिरवलं की सुटतं."

विमा एजंटला अशा वेळी नेमके प्रश्न सुचतात.

"मग त्या दिवशी वहिनींच्या सायकलला तुम्ही काय केलं होतंत?"

सगळे माझ्याकडे बघायला लागले. आता लपवून काय उपयोग?

"सोडवत होतो," मी म्हणालो. "जिवापाड."

मग जे हसू फुटलं ते दरीतून परत ऐकू आलं. कॅप्टन तर झाडाला धरून हसत होते. हिने कप बसवला, क्रँक अडकवला, हात पॅंटला पुसले. कॅप्टनांनी पेडल फिरवून पाहिलं. आवाज नाही. "व्हा पुढे," ते हिला म्हणाले. "आणि इथून पुढेही तुम्हीच पुढे. मला मागेच बरं वाटतं."

मी गाडी घेऊन पलीकडे गेलो. उन्हात उभा राहून खिंडीकडे डोळे लावले. वरच्या कपारीतून पहिलं हेल्मेट दिसलं ते हिचं. मागे ओळीने सगळा ग्रुप, आणि कुणाचीही सायकल कुरकुरत नव्हती. शेजारी एक अनोळखी माणूस कुत्रा फिरवत होता. "ती पुढची, माझी बायको आहे," मी त्याला सांगितलं. मग कुत्र्यालाही सांगितलं. डोळ्यांत पाणी आलं होतं, आणि ते धुळीने आलं होतं असं मी म्हणणार नाही.

घरी परतताना गाडीत मी विचारलं, "तुला कधी कळलं?"

"त्याच दिवशी. ग्रीसच्या डबीचं सील तसंच होतं."

"मग बोलली का नाहीस?"

"आवाज गेला होता ना? आणि तुम्ही इतके खूश होतात."

मी विरघळलो. थोड्या वेळाने डोक्यात प्रकाश पडला. "पण मग कॅप्टनांच्या सायकलला हात लावताना तरी मला अडवायचंस! अंगठा काय दाखवलास?"

तिने उरलेलं शेवटचं केळं सोललं.

"अहो, मला वाटलं, नेहमीसारखं चुकाल, सोडवायला जाल आणि घट्ट करून ठेवाल," ती म्हणाली. "इतक्या वर्षांच्या संसारात माझा एवढ्या एकाच गोष्टीवर भरवसा होता."