खाजधोंड

एका जंगलात, मुलांनो, प्राणी दोनच कारणांनी चालत. भूक लागली म्हणून, नाहीतर कुणाची तरी भूक पाठीमागे लागली म्हणून. तिसरं कारण त्यांना ठाऊक नव्हतं. त्यामुळे जंगल बरं चाललं होतं.

या जंगलात रावजी नावाचा म्हातारा रानरेडा राहायचा. शिंगं मोठी, बोलणं थोडं. त्याला जगात एकच त्रास होता. गोचिडी.

गोचीड म्हणजे कातडीला चिकटून रक्त पिणारा किडा. एकदा चिकटली की फुगत जाते, पण सुटत नाही. तुमच्या घरी राहायला येणारे काही पाहुणे आठवा, म्हणजे कळेल.

त्यावर रावजीचा उपाय होता. सकाळी डबक्यात लोळायचं. अंगावर चिखलाचा जाड थर घ्यायचा. मग उन्हात उभं राहून तो वाळू द्यायचा. ओल्यातच घासलं तर गोचीड नुसती सरकते. थर वाळून तडकला की तिचे पाय त्यात अडकतात. मग ओढ्याकाठी एक उभा खरबरीत खडक होता, तिथे जाऊन पाठ, मान, कुशी, सगळं घासून काढायचं. चिखल खडकाला, गोचीड चिखलात, आणि रावजी मोकळा.

त्या खडकाला खाजधोंड म्हणत. रावजीचा बाप तिथेच घासायचा, आजाही तिथेच घासायचा. धुरपा नावाची रानडुकरीण खालच्या अंगाला घासायची. धोंडीला नाव द्यायला कुणी विद्वान लागला नव्हता. खाज सुटली की जायची धोंड, ती खाजधोंड.

मग जंगलात साळुंकी परत आली.

साळुंकी मधे शहरात राहून आली होती. कुठल्याशा पुलाखाली तिचं घरटं होतं. पुलाच्या खांबांवर मोठमोठी चित्रं काढलेली होती. माणसं सकाळी बूट घालून घोळक्याने यायची, खांबांकडे बघायची, माना डोलवायची आणि पुढच्या खांबाकडे जायची. साळुंकीने ते पाहिलं आणि तिला जंगलाची लाज वाटू लागली.

"आपल्याकडे एकसुद्धा रंगवलेली भिंत नाही," ती म्हणाली. "बाहेर कुणाला कळलं तर काय म्हणतील?"

बाहेर कुणाला कळण्याचं काहीच कारण नव्हतं. पण लाज ही लागण आहे. दोन दिवसांत साऱ्या जंगलाला लाज वाटू लागली.

मग पळसाची फुलं आणली. जांभळं चेचली. सगळ्यांनी मिळून रंगवायचं ठरलं, कारण सगळ्यांनी मिळून केलं की वाईट झालं तरी कुणाचं नाव येत नाही. वारुळावर मासा काढला.

"मासा कशाला?" वाळवीने विचारलं.

"विचार करायला लावते ती कला," साळुंकी म्हणाली.

वाळवी विचार करत बसली. वारूळ लिंपायचं राहिलं. ते पडलं.

पाणवठ्याच्या दरडीवर एक वाघ आणि एक चितळ एकाच ठिकाणी पाणी पिताना काढले. फार सुंदर चित्र होतं. एक चितळ ते बघत उभं राहिलं. खरा वाघ मागून आला. थोड्या वेळाने बाकीचे पुढच्या चित्राकडे गेले.

अशी भिंतफेरी सुरू झाली. रोज सकाळी पोट भरलेले प्राणी जमत. साळुंकी पुढे, बाकीचे मागे. हळू चालायचं, थांबायचं, मान तिरकी करायची आणि "अच्छा!" म्हणायचं. ज्याला काही कळलं नाही त्याने "अच्छा!" दोनदा म्हणायचं.

फेरीत एक करकोचा होता. तो जाणकार. चित्रापुढे तो एका पायावर उभा राही. दुसरा पाय का उचलला, हे विचारायचं धाडस कुणाला झालं नाही. तिथेच त्याची विद्वत्ता सिद्ध झाली.

एकदा फेरी वाट चुकून ओढ्याकाठी आली. समोर खाजधोंड. तिच्यावर तीन पिढ्यांचा चिखल. वर वाळलेला, खाली काळा पडलेला, मधे कुशीच्या वळणाचे पट्टे, खाली धुरपाच्या पाठीच्या केसांच्या रेघा. शेजारी रावजी गवत खात उभा.

"काका, याला काय म्हणतात?" साळुंकीने विचारलं.

रावजीचं तोंड गवताने भरलेलं होतं. "खाजधोंड," तो म्हणाला.

"खासधोंड!" साळुंकी किंचाळली. "ऐकलंत सर? खास!"

करकोच्याने पाय उचलला. 

"हे एकाचं काम नाही," तो शेवटी म्हणाला. "हा समाज बोलतोय."

"अच्छा," सगळे म्हणाले.

रावजीने घास गिळला आणि तो घरी गेला. समाज काय बोलतोय हे त्याने विचारलं नाही. दुसऱ्याचं बोलणं मधे पडून ऐकायची त्याला सवय नव्हती.

दुसऱ्या दिवशी तो अंगावर थर वाळवून धोंडीपाशी आला, तर तिच्याभोवती वेलींचा दोर ओढलेला. दोराशी दोन वानर.

"कुठे?" एक वानर म्हणाला.

"घासायला."

"हात लावायचा नाही."

"हात नाही लावत. पाठ लावतो."

"आजोबा, हे चित्र आहे."

"हा माझा चिखल आहे."

"असेल," दुसरा वानर म्हणाला. "आता तो सगळ्यांचा आहे."

रावजीच्या मानेवर एक गोचीड बोराएवढी फुगली होती. तिचाही वाटा सगळ्यांना द्यावा, असं त्याच्या मनात आलं. पण तो म्हातारा आणि मानी होता. वानरांशी तो भांडत नसे. तो वळला.

त्याने दुसरी जागा शोधली. दरडीला पाठ लावली तर रंग ओला. वडाच्या खोडाला लावली तर खालून घुबडाचं चित्र निघालं आणि वरून खरं घुबड ओरडलं. पूर्वी त्याच्या पाठीवर बगळे बसून गोचिडी टिपायचे. त्याने बगळ्यांना हाक मारली.

"काका, वेळ नाही हो," बगळे म्हणाले. "आम्ही फेरीत स्वयंसेवक आहोत."

वाटेत धुरपा भेटली. गळ्यात रानफुलांची माळ.

"दाजी, ऐकलंत का? मी ज्येष्ठ कलावंत झाले."

"कशाबद्दल?"

"ते त्या रेघांबद्दल. साळुंकी म्हणाली, माझ्या रेघांत वेदना आहे."

"आणि खाज?"

"आहे की. मरणाची आहे." धुरपाने इकडेतिकडे बघून ढुंगण एका मुळावर जरासं टेकवलं आणि लगेच सरळ झाली. "पण आता चारचौघांत बरं दिसत नाही. मान सांभाळायचा म्हणजे एवढं सोसायचं, दाजी."

"सोस," रावजी म्हणाला.

रात्री त्याला झोप लागेना. पोटाखाली, कानामागे, शेपटीच्या बुडाशी आग होत होती. रक्त जात होतं ते वेगळंच. असंच चाललं तर आपण या उन्हाळ्यातून निघत नाही, हे त्याला कळलं. म्हणून तो आयुष्यात पहिल्यांदा राजाकडे गेला.

राजा म्हणजे वाघ. तो गुहेसमोर पाय आवळून बसला होता. चेहरा ओढलेला.

"महाराज, मला घासायला जागा नाही," रावजी म्हणाला.

"तुला घासायला नाही," वाघ म्हणाला, "आणि मला पाय वर करायला नाही."

"म्हणजे?"

"माझी हद्द कशी आखतो मी? ऐनाच्या त्या झाडावर. बाप करायचा, मी करतो. करकोचा आला. त्याने वास घेतला, डोळे मिटले. आता तिथे दोर आहे. गंधचित्र म्हणतात त्याला. परवा गेलो, पाय उचलला, तर वानर म्हणतो, महाराज, मूळ कृतीवर नवीन काम करता येत नाही."

"मग?"

"मग काय? दाबून बसलोय."

"तुम्ही राजे आहात. एक डरकाळी फोडा."

"फोडली असती रे." वाघाने आवाज खाली आणला. "पण रानटी म्हणतील."

रावजीने राजाकडे पाहिलं. पट्टे होते, मिशा होत्या, दात होते. आत कुणी नव्हतं. नमस्कार न करता तो निघाला.

तो सरळ डबक्यात गेला. लोळला. उन्हात उभा राहिला. थर वाळला, तडकला. मग तो खाजधोंडीकडे चालू लागला. फेरी नेमकी तिथेच होती. करकोचा एका पायावर बोलत होता. रावजीने दोर शिंगाने तोडला. वानर झाडावर गेले. रावजीने धोंडीला कूस टेकवली आणि घासलं.

मुलांनो, ते सुख सांगता येत नाही. मान घासली, पाठ घासली, पुन्हा मान घासली. जुने थर ढासळले. धुरपाच्या वेदनेच्या रेघा गेल्या. समाज जे काय बोलत होता ते सगळं पुसलं गेलं. चिखलाबरोबर गोचिडी टपटप पडल्या. रावजीने डोळे उघडले. आता हे मला मारणार, असं त्याला वाटलं. मार खायला त्याची हरकत नव्हती.

पण करकोच्याने दुसरा पाय खाली ठेवला. चित्रापुढे असताना हे आजवर कुणी पाहिलं नव्हतं.

"मूळ कलाकार!" तो म्हणाला. "स्वतः!"

मग जो गजर झाला तो झाला.

"काका, यामागची प्रेरणा काय?" साळुंकीने विचारलं.

"खाज."

"खास! काय बोललात!"

"खास नाही. खाज. खाज सुटते."

"अहाहा," करकोचा म्हणाला. "कलेची खाज."

रावजी गवत खाऊ लागला.

त्याला कलाकार नेमण्यात आलं. सकाळच्या फेरीला एकदा, संध्याकाळच्या फेरीला एकदा घासायचं. चारा जागेवर येईल. रावजीने विचार केला. घासायला मिळतंय ना, मग यांनी काहीही म्हणावं. तो कबूल झाला. म्हातारा होता तरी इथे चुकला.

कारण पहिल्याच सकाळी तो डबक्यातून निघून उन्हात उभा राहिला, तशी साळुंकी आली.

"चला काका, मंडळी खोळंबलीत."

"थर वाळायचाय."

"छे छे, ओलाच हवा! ओला कसा चमकतो. वाळलेलं कुणी बघत नाही आता."

"ओल्याने गोचीड निघत नाही."

"गोचीड मंडळींना दिसत नाही हो, काका. चिखल दिसतो."

रावजीने ओल्यात घासलं. गोचिडी सरकल्या आणि पुन्हा बसल्या. टाळ्या पडल्या. संध्याकाळी पुन्हा तेच. दुसऱ्या दिवशी कुणी उशिरा आलं, म्हणून आणखी एकदा. कुणाला डाव्या कुशीचं आवडलं, म्हणून डावी कूस पुन्हा. खाज असो नसो, फेरी आली की घासायचं. आणि खाज तर होतीच, कारण गोचिडी जागच्या जागी होत्या. आता मात्र कातडी जागेवर राहिली नाही. कूस सोलवटली. चिखलात रक्त उतरलं.

करकोचा पुढे झाला. त्याने मान लांब केली.

"पाहा," तो हळूच म्हणाला. "यांच्या कामात लाल आला."

"अच्छा," सगळे म्हणाले. "अच्छा."

एक तरस पुढे येऊन म्हणाला, "उद्या मी घरच्यांना घेऊन येतो. उद्याही लाल असेल ना?"

रावजीने त्याच्याकडे पाहिलं. त्याने दोराबाहेर पाय टाकला आणि तो चालू लागला. वानर आडवे आले. रावजीने शिंगं खाली केली. वानर बाजूला झाले. रानटी म्हणतील याची रावजीला भीती नव्हती. रानरेड्याला दुसरं काय म्हणणार?

"काका, मंडळी थांबलीत!" साळुंकी मागून ओरडली.

"चालू दे त्यांना," रावजी म्हणाला. "चालायलाच आलेत ना."

तो जंगलाच्या कडेची नदी पोहून पलीकडे गेला. पलीकडचं रान उजाड होतं. गवत कमी, सावली कमी, सोबत कुणाची नाही. पण एक खडक होता. बोडका, खरबरीत, त्याला नाव नव्हतं. जवळच चिखल होता. रावजी लोळला. उन्हात उभा राहिला. कुणी हाक मारली नाही. थर नीट वाळला, नीट तडकला. मग त्याने जपून घासलं, आधी मान, मग पाठ, शेवटी दुखरी कूस. गोचिडी पडल्या. सगळ्या पडल्या. कितीतरी दिवसांनी त्याने श्वास पोटभर घेतला.

जाताना त्याने सहज मागे वळून पाहिलं. खडकावर चिखलाचं एक लांब वळण उठलं होतं. वर बारीक, खाली भरदार. खरं सांगायचं तर ते चांगलं दिसत होतं.

रावजी दचकला.

त्याने नदीच्या पलीकडे पाहिलं. मग घाईघाईने पाण्यात उतरला, तोंडभर पाणी घेतलं, वर आला आणि खडकावर सोडलं. पुन्हा गेला, पुन्हा आणलं. खडक जसा होता तसा होईपर्यंत तो थांबला नाही. तेव्हापासून रोज घासून झालं की तो खडक धुतो. धुताना दम लागतो. पण कातडी भरून आली आहे.

तात्पर्य : मुलांनो, भिंती नेहमी स्वच्छ ठेवाव्यात. घाण राहिली तर रसिक येतात.